ज्याच्यावाचून अडेल असे काम

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे, आणि आजही कित्येक बालवाड्यांत ती रोज दिली जाते. ती नेमकी केव्हा दिली जाते हे पाहण्यासारखे आहे. सतरंजी अंथरायची असते, ताटल्या मांडायच्या असतात, खिचडी वाढायची असते, सांडलेले पुसायचे असते, तेव्हा. वर्गात खरेखुरे काम निघाले की मुलांचे हात बांधले जातात आणि मोठी माणसे ते काम भराभर उरकून टाकतात. मग मुलांपुढे प्लॅस्टिकची भातुकली येते: न तापणारी शेगडी, न फुगणारी पोळी, न कापणारी सुरी.

यात कोणाचा वाईट हेतू नसतो. खोली एक, मुले पुष्कळ, हात कमी आणि वेळ थोडा. मुलांनी केले तर सांडेल, फुटेल, उशीर होईल, हे सगळे खरेच आहे. पण तीन ते सहा या वयातल्या मुलाला सर्वांत मोठी ओढ असते ती भोवतालची माणसे जे करतात ते आपणही करण्याची, आणि आपण केलेले कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची. नेमकी तीच संधी आपण त्याच्या हातून काढून घेतो.

बालवाडीतले खरे काम कोणते, हे ओळखायची कसोटी सोपी आहे. आज ते झाले नाही तर कोणाचे अडेल का, एवढेच विचारावे. पिण्याचे पाणी भरून ठेवले नाही तर तहानलेल्याचे अडेल. ताटल्या मांडल्या नाहीत तर सगळ्यांचे जेवण खोळंबेल. कुंडीला पाणी घातले नाही तर रोप सुकेल. रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून करायचा हत्ती मात्र आज राहिला तरी कोणाचे काही अडत नाही. हत्ती करू नये असे नाही. चित्र, माती, गाणी, गोष्टी आणि भातुकलीसुद्धा बालवाडीत हवीच. पण या मुलाने केले म्हणून वर्गाचे पुढे सरकले, असे एकही काम दिवसभरात नसेल, तर त्या बालवाडीत मोठी उणीव आहे.

सान लोरेंझोतले जेवण

ही गोष्ट एका डॉक्टर बाईने जगापुढे ठळकपणे मांडली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. त्यामागचे कारण साधे होते. एका कंपनीने तिथल्या पडक्या इमारती दुरुस्त करून गरीब कुटुंबांना राहायला दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की शाळेच्या वयाला न पोचलेली मुले मागे उरत. ती भिंती खरडत, जिन्यांची नासधूस करीत. त्यांना एका खोलीत जमवून कोणीतरी सांभाळावे, म्हणजे इमारत वाचेल, असा तो हिशेब होता. मुले होती पन्नासच्या आसपास.

हे काही रीतसर शाळा म्हणून सुरू झालेले नव्हते. माँटेसरीबाईंनी शाळांमधल्या जड, जखडून टाकणाऱ्या बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी मेजे आणि खुर्च्या करून घेतल्या. हात धुण्याची जागा मुलांच्या उंचीला आणली. साबण, ब्रश, लहान झाडू त्यांच्या हाताशी ठेवले. मुले हात धुऊ लागली, केस विंचरू लागली, खोली झाडू लागली, धूळ पुसू लागली. माँटेसरी पद्धतीत ‘जीवनव्यवहार’ म्हणून जो भाग आजही पहिल्यांदा येतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

१९०९ साली त्यांनी आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात मुलांच्या जेवणाचे वर्णन आहे. चार वर्षांची मुले सुऱ्या, काटे, चमचे वाटतात. पाच-पाच पेले ठेवलेले तबक तोलत आणतात. गरम सुपाचे मोठे भांडे घेऊन या मेजाकडून त्या मेजाकडे जातात आणि वाढतात. माँटेसरी वर्गातली भांडी काचेची आणि चिनी मातीची असत, ती मुद्दामच. पत्र्याची ताटली हातातून निसटली तर आवाज होतो आणि विसरून जाता येते. काचेचा पेला निसटला की फुटतो, आणि आपला हात कुठे चुकला ते मुलाला त्या क्षणी कळते. बाईंनी रागावण्याची गरजच उरत नाही. वस्तूच त्याला सांगते, आणि पुढच्या वेळी पावले आपोआप सावकाश पडतात.

त्याच बालगृहातला आणखी एक प्रसंग माँटेसरीबाईंनी लिहून ठेवला आहे. एक दिवस त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे ते दाखवले: रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसे साफ करायचे, इतके बारीकसारीक. मुले एकटक पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले की या मुलांना शेंबडावरून येताजाता बोलणी बसत असत, पण नाक साफ कसे करायचे हे आजवर कोणी त्यांना शांतपणे दाखवलेलेच नव्हते. लहान मुलांच्या बाबतीत आपण ‘कर’ आणि ‘करू नको’ हे दोन शब्द अखंड वापरतो. ‘कसे करायचे’ हे दाखवायला मात्र आपण थांबत नाही. खऱ्या कामाचे शिक्षण या दाखवण्यापासून सुरू होते.

मुलांना खरोखर काय हवे असते

माँटेसरीबाईंनी जे निरीक्षणाने ओळखले, त्याची पुढे प्रयोगांनी तपासणी झाली. हॅरिएट राईनगोल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. घरासारख्या मांडलेल्या खोलीत मोठी माणसे रोजची कामे करीत: टेबल मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, कागदाचे कपटे झाडणे. सोबत दीड ते अडीच वर्षांची मुले असत. न सांगता ही मुले कामाला हात लावू लागली. आईलाच नव्हे, अनोळखी बाईलाही त्यांच्यातल्या बहुतेकांनी मदत केली.

२००६ साली जर्मनीतल्या लाइपझिग इथे फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर एक प्रसंग उभा केला. हातात मासिकांचा गठ्ठा घेतलेला माणूस बंद कपाटावर जाऊन धडकतो. हात मोकळे नसल्याने त्याला दार उघडता येत नाही. मुले उठून गेली आणि त्यांनी दार उघडून दिले. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट तपासली. मदत केल्याबद्दल ज्या मुलांना वस्तूरूपी बक्षीस दिले, त्यांची पुढची मदत बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली. काम केल्यावर चॉकलेट देणाऱ्या, हातावर चांदणी काढणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. काम हेच बक्षीस असते. त्यावर दुसरे बक्षीस चढवले की पहिल्याची गोडी उतरते.

अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर थेट आपल्या विषयावर आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी विचारले: भाजी खरी कापायला आवडेल की खोटी खोटी? भांडी खरी घासायला आवडतील की लुटुपुटीची? मुलांचा कल बहुतेक ठिकाणी खऱ्याकडे होता. आणि ज्यांनी लुटुपुटीचे निवडले, त्यांची कारणे ऐकण्यासारखी होती. कोणाला खऱ्याची भीती वाटत होती, कोणाला ते आपल्याला जमणार नाही असे वाटत होते, तर कोणाला ते करायची परवानगी नव्हती. भीती, न जमणे आणि परवानगी नसणे या तिन्ही गोष्टी दूर करणे मोठ्यांच्याच हातात आहे.

एका फडक्यात काय काय असते

मुलांना काम द्यायचे म्हणजे ‘जा, ते पुसून ये’ असे सांगून मोकळे होणे नव्हे. सांडलेले पुसण्याचेच उदाहरण घेऊ. मोठ्यांना हे एकच काम वाटते. मुलाच्या दृष्टीने ती सात-आठ कामांची साखळी असते. फडके आणायचे, पाण्यात बुडवायचे, पिळायचे, उलगडून चौकोनी घडी घालायची, पुसायचे, पुन्हा धुवायचे, पुन्हा पिळायचे, दोरीवर वाळत टाकायचे.

यातले पिळणे सर्वांत अवघड. चार वर्षांचे मूल पहिल्यांदा फडके मुठीत दाबते. पाणी बोटांच्या फटीतून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते, बाही भिजते आणि फडके तसेच ओलेगच्च राहते. अशा वेळी हातातून फडके न घेता बाईंनी दुसरे फडके घेऊन शेजारी बसावे. दोन टोके धरावीत. एक हात पुढे, एक मागे. सावकाश पीळ द्यावा, थांबावे, पाण्याची धार बादलीत पडू द्यावी. यातले काहीही बोलून दाखवू नये, कारण मूल एकाच वेळी हात आणि शब्द दोन्हींकडे पाहू शकत नाही. मूल पाहते, पुन्हा करते. धार पडली की त्याचा चेहरा पाहावा. मग ते तेच फडके चार वेळा बुडवून चार वेळा पिळेल. त्याला थांबवू नये. पुसायचे कधीच संपलेले असते, पण मनगटाचे शिकणे चालू असते. हेच मनगट आणि हीच बोटे उद्या पेन्सिल धरणार आहेत. पाटीवर रेघोट्या गिरवून हाताला जेवढे वळण लागते, त्याहून जास्त फडके पिळण्याने, कणीक मळण्याने, मटार आणि शेंगा सोलण्याने लागते.

गणिताचेही तसेच आहे. पानावर छापलेली पाच फुले मोजणे आणि तेरा जणांसाठी तेरा ताटल्या मांडणे यांत मोठा फरक आहे. एक ताटली कमी पडली की एकजण उपाशी बसलेला समोर दिसतो. कुठे चुकले ते शोधावेच लागते. एकास एक संगती, कमी-जास्त, पुरणे-उरणे या गणिताच्या मुळाशी असलेल्या कल्पना मुलाला इथे भुकेच्या वेळी, खऱ्या गरजेपोटी भेटतात.

सुरीचे नाव काढले की पालक घाबरतात, आणि त्यात काही वावगे नाही. म्हणूनच तिथे पायऱ्या हव्यात. आधी बोथट सुरीने पिकलेले केळे. मग उकडलेला बटाटा. त्यानंतर काकडी, पण ती बाईंनी आधी उभी चिरून सपाट बाजू खाली ठेवून द्यावी, म्हणजे फळीवर गडगडणार नाही. धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवायची, सुरी वरून खाली दाबायची, आणि एका वेळी एकाच मुलाने, बाईंच्या शेजारी बसून. धारदार विळी, उकळते पाणी, पेटता स्टोव्ह आणि फरशीसाठी वापरायची रसायने यांच्या जवळपासही या वयाचे मूल जाता कामा नये. खरे काम म्हणजे धोकादायक काम नव्हे.

बोर्डी आणि कोसबाडचा धडा

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून तयार स्थितीत आणावा लागलेला नाही. आपल्याकडे तो आपल्या मातीत रुजवून झालेला आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तिथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई मुंबईची चाकोरी सोडून बोर्डीला आल्या. बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बोर्डीत त्यांच्यापुढे आलेला प्रश्न रोमच्या उलटा होता. गरिबांची आणि आदिवासींची मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. पुढे १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतल्या केंद्रांना हेच नाव मिळाले. या अंगणवाड्यांत पाढ्यांच्या आधी आंघोळ, नखे, केस आणि अंगणाची झाडलोट येत असे. परदेशी धर्तीची साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती आणि बांबू यांतूनच साधने तयार झाली.

वारली पाड्यांवरच्या मुलांना काम शिकवायचेच नव्हते. ती आधीच कामात बुडालेली होती. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढी, भाऊ गुरे राखी. ताराबाई आणि अनुताईंनी त्या कामाचा धिक्कार केला नाही आणि त्यापायी मुलांचे शिक्षणही बुडू दिले नाही. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. त्यामुळे बहीण भावंडाला घेऊन शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलाचे काम आणि मुलाचे शिकणे ही एकमेकांची वैरी नाहीत, फक्त त्यांची सांगड घालणारे माणूस हवे, हे त्यांनी करून दाखवले.

काम आणि राबवणूक

तरीही एक प्रश्न टाळता येणार नाही. ज्या देशात लाखो मुलांचे बालपण मजुरीत गेले, तिथे बालवाडीत काम कशाला? आपल्या संविधानाच्या कलम २४ नुसार चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. या कलमामागचा कळवळा बालवाडीच्या प्रत्येक बाईंच्या मनात असायलाच हवा.

दोन्हींतला फरक स्पष्ट आहे. राबवणुकीत काम मोठ्यांच्या फायद्याचे असते आणि ते मुलाचे वय, ताकद, वेळ पाहत नाही. बालवाडीतले काम त्या मुलांच्याच समूहासाठी असते, थोडा वेळ चालते, मूल मध्येच थांबू शकते आणि ते करताना त्याची समज वाढते. बालवाडीची साफसफाई ही संस्थेची जबाबदारी. माणूस ठेवण्याचे पैसे वाचावेत म्हणून मुलांकडून संडास धुऊन घेणे हा गुन्हाच मानला पाहिजे. शिक्षा म्हणून काम देणेही तितकेच वाईट. ‘दंगा केलास ना, आता सगळा वर्ग झाड’ असे एकदा म्हटले की झाडणे हे कमीपणाचे काम आहे, हा धडा वर्गातल्या सगळ्या मुलांना मिळतो.

आपल्या समाजात या धड्याला जातीचा आणि बाईपणाचा इतिहास आहे. कोणत्या मुलाच्या हाती झाडू जातो आणि कोणाच्या हाती हजेरीचे पुस्तक, यावरून कित्येकांच्या वाट्याला शाळेतच अपमान आलेला आहे. म्हणून बालवाडीत पाळी हवी आणि ती सर्वांना सारखी हवी. मुलग्यांनी वाढावे, उष्टे उचलावे, केर काढावा. मुलींनी कुंड्या उचलाव्यात, खुर्चीचा सैल झालेला स्क्रू आवळावा. बाईंनी आणि मदतनीस ताईंनीही तोच झाडू हातात घ्यावा. चार वर्षांच्या मुलाच्या मनात कामाची उच्चनीचता अजून पक्की झालेली नसते. ती होण्याआधी त्याला समतेची सवय लावण्याची इतकी चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

सुरुवात कशी करावी

अंगणवाडी असो की शहरातली बालवाडी, सगळे एकदम करायला जाऊ नये. एकच काम निवडावे. ताटल्या मांडणे सर्वांत सोयीचे. मुलांच्या हाताला बसेल असे साहित्य घ्यावे: दांडा आखूड केलेला झाडू, रुमालाएवढे फडके, अर्धाच भरलेला लहान तांब्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि मुलाच्या हाताला पोचेल अशी असावी, म्हणजे ‘बाई, फडके कुठे आहे?’ हे विचारावे लागणार नाही. पाळीचा तक्ता चित्रांचा करून भिंतीवर लावावा. पहिले काही दिवस वेळ जास्त जाईल, तो आधीच धरून चालावे. पाण्याची टंचाई असेल तिथे पाणी ओतण्याऐवजी धान्य ओतण्यापासून सुरुवात करावी, आणि हात धुतलेले पाणी मुलांनाच कुंडीत घालू द्यावे.

मुलाने झाडलेल्या जागेवर त्याच्यादेखत पुन्हा झाडू फिरवू नये. कोपऱ्यात कचरा राहिला तर राहू द्यावा, किंवा ‘त्या कोपऱ्यात अजून काहीतरी दिसतेय’ एवढेच म्हणावे. त्याचे काम आपण दुरुस्त केले की ते काम खरे नव्हते, असे आपणच त्याला सांगतो. शाबासकीही मापात द्यावी. ‘किती हुशार आहेस’ यापेक्षा ‘तू पाणी भरलेस म्हणून सगळ्यांना प्यायला मिळाले’ हे वाक्य मुलाला फार पुढे नेते, कारण त्यात त्याच्या कामाचा परिणाम आहे.

पालक म्हणतील, ‘आम्ही पोराला शिकायला पाठवतो, झाडायला नाही.’ त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना एक दिवस जेवणाच्या वेळी बोलवावे आणि मुलांनी वाढलेले ताट त्यांच्यापुढे ठेवावे. बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटेल.

बालवाडीत खऱ्या कामाला फारसा पैसा लागत नाही, नवी इमारत किंवा सरकारी परिपत्रकही लागत नाही. लागते ती मोठ्यांची थोडी सबुरी आणि मुलावरचा विश्वास. हे वाचणारे तुम्ही बालवाडीच्या बाई असा, अंगणवाडी सेविका असा की लहान मुलाचे आईवडील, येत्या सोमवारी एक काम स्वतः करण्याचे थांबवा, ते मुलाला नीट दाखवा आणि त्याच्या हाती सोपवा. पण ते असे निवडा, की त्याने केले नाही तर खरोखरच कोणाचे तरी अडेल.